गॅमा असताना कॉलम कशाला?

प्रश्न: गॅमा स्पेक्ट्रममध्ये (गॅमा किरणांच्या ऊर्जेच्या आलेखात) आयसोटोप (एकाच मूलद्रव्याचा वेगळ्या वस्तुमानाचा अणू) थेट ओळखता येतो, मग आधी आयन एक्स्चेंजचा कॉलम (आयन धरून ठेवणाऱ्या रेझिनच्या कणांनी भरलेली नळी) कशाला चालवायचा? – एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर: एकदम नेमकं विचारलंस बघ. कॉलम मूलद्रव्यं वेगळी करतो, आयसोटोप नाही, म्हणजे सिझियम-१३४ आणि १३७ रेझिनवरून जोडीनंच उतरणार, ते ओळखायचे पीकवरून, म्हणजे आलेखातल्या उंचवट्यावरून, १३७ चा ६६२ केईव्हीला (हे ऊर्जेचं एकक), १३४ चे ६०५ नि ७९६ ला. पण स्ट्रॉन्शियम-९० ला गॅमा पीकच नाही, तिथं वेगळं केल्याशिवाय गत्यंतर नाही. आणि मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे सिझियम-१३७ रेझिनवर धरून ठेवायचं, त्यातून तयार झालेलं बेरियम-१३७एम (जास्तीची ऊर्जा असलेलं बेरियम) धुऊन काढायचं आणि त्या चार थेंबांचा ६६२ चा पीक बघत बसायचं, साधारण अडीच मिनिटांत निम्मा होतो, म्हणजे सिझियमच्या नावावरचा तो गॅमा खरा बेरियमचाच! घरी बोअरच्या पाण्याला सॉफ्टनर असेल तर त्यातलं रेझिनही हेच करतं, कॅल्शियम धरतं नि सोडियम सोडतं.