अमेरिकेत कॉलेजांच्या क्रीडा विभागाचं एकूण यश कसं मोजायचं? अलाबामा वरचढ की स्टॅनफर्ड?

एकूण यश विचारत असाल तर स्टॅनफर्ड, आणि मोजायला सध्या डायरेक्टर्स कपइतकं चांगलं माप दुसरं नाही. १९९३-९४ पासूनच्या या कपात प्रत्येक खेळातल्या राष्ट्रीय स्पर्धेतल्या क्रमांकाला गुण मिळतात. विजेत्याला १००, मग खाली उतरत. डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेज क्रीडेच्या सर्वात वरच्या गटात, जास्तीत जास्त १९ खेळ धरतात, त्यात बास्केटबॉलसारखे काही सक्तीचे. पहिल्या वर्षी नॉर्थ कॅरोलिना जिंकलं, पुढची सलग २५ वर्षं स्टॅनफर्ड. अलीकडे टेक्सासने ती मक्तेदारी मोडली.

नुसती विजेतेपदं मोजू नका. त्यात दरवर्षी दुसरं-तिसरं येणाऱ्या संघाच्या हाती काहीच लागत नाही, आणि ते मला साफ अन्यायाचं वाटतं. शिवाय वरच्या स्तरावरच्या अमेरिकन फुटबॉलचं विजेतेपद एनसीएए, म्हणजे कॉलेज क्रीडा चालवणारी राष्ट्रीय संघटना, स्वतः देतच नाही, त्यामुळे तिच्या अधिकृत यादीत अलाबामाची फुटबॉलमधली कमाई दिसणारच नाही. डायरेक्टर्स कप मात्र फुटबॉल धरतो.

एक मेख आहे. तलवारबाजीचं विजेतेपदही १०० गुणांचं आणि फुटबॉलचंही, मग स्पर्धेला किती कॉलेजं उतरली याला किंमतच नाही. ३६ खेळ चालवणाऱ्या स्टॅनफर्डला त्यातले सर्वोत्तम निवडता येतात. वीसेक खेळांच्या कॉलेजला जवळपास प्रत्येक खेळात चमकावं लागतं. म्हणून कपातल्या क्रमांकाशेजारी ते कॉलेज किती खेळ चालवतं हा आकडाही लिहा.