चारबागेतला ढाळ

प्रश्न : दिवाळीनंतर ७६ वर्षांच्या वडिलांना दिल्ली दाखवायची आहे. त्यांचा जन्म पंचगंगेकाठी उसाला पाणी पाजण्यात गेला, म्हणून किल्ल्यांआधी हुमायूनच्या कबरीची बाग पाहावी असे वाटते. मात्र तेथील पाट नव्याने बसवले आहेत म्हणतात. मग मूळचे काय पाहायचे?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दगडापेक्षा ढाळ, म्हणजे पाटाचा उतार, पाहा; तो आपल्या वडिलांच्या नजरेस आपल्याआधी पडेल. १५६०च्या दशकात आखलेल्या या चारबागेचे, म्हणजे चौभागी बागेचे, पाट आणि वाटा यांनी चार भाग, व प्रत्येक भागाचे पुन्हा नऊ असे ३६ चौक होतात. इंग्रजी अमदानीत तेथे गोल वाफे आले, १९४७ मध्ये निर्वासितांची छावणी पडली आणि पुढे पाट कोरडे राहिले. आगाखान सांस्कृतिक न्यासाने भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागासह १९९७ ते २००३ या काळात बागेच्या जीर्णोद्धाराचे काम हाती घेतले, तेव्हा विहिरींचा गाळ उपसला आणि दर ४० मीटरला अवघा १ सेंटीमीटर उतार राखून पाट पुन्हा बसवले. आपल्याकडच्या मातीच्या पाटाला इतका कमी ढाळ दिला, तर शेवटच्या सरीपर्यंत पोचण्याआधीच पाणी मुरून जाईल. तेथे तळ दगडी असल्याने ते मुरत नाही, आणि धावतही नाही, कारण ते आरशासारखे दिसावे हाच हेतू होता.

पंपाविना पाणी खेळवण्याची मोगल बागांतली रीत वडिलांना समजावून सांगावी लागणार नाही. बैलांनी विहिरीतून वर काढलेले पाणी उंचावरच्या हौदात साठवायचे आणि पुढचे सारे काम उतारावर सोपवायचे. मोटेचे थारोळे, म्हणजे मोट जिथे रिती होते तो हौद, आठवले की पुरे. कारंजेही त्याच हौदाच्या उंचीच्या बळावर उडते, मात्र त्या उंचीच्या वर कधीच जात नाही.

पाट कबरीच्या मधल्या चौथऱ्याखाली लुप्त होऊन पलीकडे त्याच रेषेत निघाल्यासारखे दिसतात. ज्याच्याखालून नद्या वाहतात अशा कुराणातील स्वर्गाचे ते चित्र मानले जाते. चौथऱ्याच्या पायऱ्या फार उंच आहेत, तेव्हा वडिलांना त्या चढवण्याचा आग्रह धरू नका. खालून पाण्याचे काम उलट अधिक नीट दिसते.

कोल्हापूरहून दिल्लीच्या हजरत निजामुद्दीन स्थानकाला साप्ताहिक गाडी आहे, मिरजेहून तेथेच जाणारी गोवा एक्सप्रेस रोज मिळते, आणि त्या स्थानकापासून कबर अगदी जवळ आहे. सूर्योदयालाच आत जा. पाटात पाणी सोडलेले असेल, तर कडुनिंबाचे एखादे गळलेले पान त्यावर टाकून ते किती सावकाश सरकते ते पाहा.