काचेच्या कपाटातली पुस्तके

प्रश्न : माझा मुलगा मराठी शाळेत दुसरीत आहे. घरी त्याची बरीच पुस्तके आहेत. फाटू नयेत म्हणून ती काचेच्या कपाटात ठेवतो. तो आपणहून एकही मागत नाही. घर दोन खोल्यांचे आहे. गोडी लागावी म्हणून आणखी पुस्तके घ्यावीत का?
– एक पालक, मिरज

उत्तर : आणखी घेण्याआधी आहेत ती बाहेर काढावीत. २७ देशांतील माहितीवर आधारलेल्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, पालकांचे शिक्षण जमेस धरूनही, भरपूर पुस्तके असलेल्या घरांतील मुले अधिक वर्षे शिकतात. मात्र त्यावरून नुसती संख्या वाढवणे हा उपाय ठरत नाही. जे पुस्तक घेण्यासाठी मुलाला मोठ्यांची परवानगी लागते, ते त्याच्या लेखी शोकेसमधल्या कपबशीसारखेच असते.

मांडणीला जागा नसेल तर भिंतीवर मुलाच्या छातीइतक्या उंचीवर दोन खिळ्यांना सुतळी ताणून बांधावी आणि तिच्यावर चार-पाच पातळ पुस्तके मुखपृष्ठ समोर येईल अशी अडकवावीत, कारण जेमतेम अक्षरे जुळवणाऱ्या मुलाला रांगेत उभ्या लावलेल्या पुस्तकांतून निवड करता येत नाही. दर आठवड्याला ती बदलावीत. पाने फाटतील, चिकटपट्टी आणून ठेवावी.

छापील मजकूर पुस्तकांपुरताच नसतो. दिनदर्शिका खालच्या खिळ्यावर आणून संकष्टी किंवा पुढची सुट्टी शोधण्याचे काम त्याच्याकडे द्यावे. वाण्याची यादी त्याने वाचावी आणि सामान आल्यावर पुड्यावरची छापील किंमत पाहून सांगावी. खरी गरज म्हणून केलेले असे वाचन मुलांना अभ्यास वाटत नाही.

बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते. दुसरीतल्या मुलाला त्यातले सगळे झेपणार नाही, पण कोडी आणि चित्रे झेपतील. शिवाय पोस्टाने स्वतःच्या नावावर अंक येण्याचे अप्रूप वेगळेच. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी चित्रकथा विनामूल्य मिळतात. एखादी छापून, टाचून त्याच्या हाती द्यावी.

रात्री आपण मोठ्याने वाचून दाखवावे, मात्र ‘काय समजले?’ अशी उलटतपासणी घेऊ नये. एवढे दोन-तीन महिने चालल्यावर नवे पुस्तक जरूर घ्यावे, पण दुकानात त्याला घेऊन जावे आणि त्याने विनोदांचे पुस्तक उचलले तरी नाक मुरडू नये.