मालकाकडून थेट जुनी गाडी घेताना किती किंमत द्यावी?

प्रश्न थोडक्यात असा : सात वर्षे वापरलेली, 78,000 किलोमीटर चाललेली गाडी तिच्या पहिल्या मालकाकडून थेट घ्यायची आहे. मालक सांगितलेल्या किमतीवर ठाम आहेत आणि रविवारी दुसरे गिऱ्हाईक येणार असल्याने आजच टोकन द्या, असे म्हणतात. मित्राचा सल्ला आहे की सरळ तीस टक्के कमी करून मागा. गाडीसाठी साठवलेले पैसे मागणीपेक्षा थोडे जास्तच आहेत. काय करावे?

आपण कळवलेल्या रकमा मी प्रमाणात मांडतो, म्हणजे हिशेब स्पष्ट दिसेल. मालकाची मागणी 100 धरली, तर आपली साठवण 104 होते. याच मॉडेलच्या, याच वर्षाच्या आणि साधारण इतक्याच चाललेल्या ज्या तीन गाड्यांच्या जाहिराती आपण पाहिल्या, त्यांची मागणी 92 ते 97 आहे. आपल्या मित्राचे तीस टक्के यांपैकी कोणत्याच आकड्यातून निघत नाहीत आणि मालकाचे 100 देखील निघत नाहीत. म्हणून ते दोन्ही बाजूला ठेवून मी 94 पासून सुरुवात करतो. जाहिरातीतली किंमत ही मागणी असते, प्रत्यक्ष सौदा बहुधा त्याखाली होतो, त्यामुळे 94 हा आकडा मालकावर अन्याय करणारा मुळीच नाही.

आता त्यातून काय वजा करायचे, ते पाहू. टायरच्या बाजूवर चार अंक कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा सांगतात आणि शेवटचे दोन वर्ष, म्हणजे 2318 असेल तर तो टायर 2018 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. आपण पाठवलेल्या फोटोंवरून चारही टायर गाडीसोबत आलेले मूळचेच दिसतात. नव्या संचाचा खर्च 6 आहे, पण बाकीच्या तीन गाड्यांचे टायरही कोरे नसणार, म्हणून संपूर्ण 6 मागणे मला रास्त वाटत नाही. 3 वजा करा. टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाचे आतले भाग एका तालात फिरवणारा पट्टा, बदलल्याची नोंद सर्व्हिसच्या वहीत नाही, आणि आपण लिहिल्याप्रमाणे कंपनीने ठरवलेली मुदत उलटून गेली आहे. हा पट्टा चालत्या गाडीत तुटला तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि इंजिन उघडावे लागते, म्हणून हे काम पुढे ढकलण्यासारखे नाही. त्याचे 4 पूर्ण वजा करावेत. बॅटरीचा 1. अशी 94 मधून 8 गेल्यावर 86 उरतात, आणि माझ्या मते या गाडीची रास्त किंमत हीच आहे.

नाव हस्तांतरण आणि विमा यांचे 5 मात्र मालकाकडून वजा करून मागू नका, कारण कोणतीही गाडी घेतली तरी ते आपल्याला भरावेच लागतील. आपल्या अंदाजपत्रकात मात्र ते धरायलाच हवेत, आणि नेमके तेच आपल्या पत्रात राहून गेले आहे. टायर, बेल्ट, बॅटरी, हस्तांतरण आणि विमा मिळून 16 होतात. मागितलेल्या किमतीला गाडी घेतली तर एकूण 116 लागतील आणि वरचे 12 अडीअडचणीसाठी ठेवलेल्या रकमेतून काढावे लागतील. त्या रकमेला हात लावू नये, असे मी आपल्याला अगदी आग्रहाने सांगेन. 104 मधून 16 वजा केले की 88 उरतात, म्हणजे आपली शेवटची मर्यादा 88. कागदपत्रे चोख असतील आणि गाडी मनापासून आवडली असेल तरच तिथपर्यंत जावे.

बोलणी सुरू करण्याआधी आपल्या ओळखीच्या मेकॅनिककडून, मालकाने सुचवलेल्या नव्हे, गाडी तपासून घ्या आणि खर्चाचा अंदाज लेखी घ्या. आपण पोहोचेपर्यंत गाडी सुरू करू नका अशी मालकांना विनंती करा, कारण इंजिन गरम झाले की सुरू होतानाची खरखर आणि धूर हे दोन्ही बऱ्याचदा लपतात. सायलेन्सरमधून निळसर धूर येत राहिला, चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, वाकून सरळ केलेली दिसली, चेसिस नंबर कागदांशी जुळला नाही किंवा गाडीवरचे कर्ज फिटल्याचा दाखला मिळाला नाही, तर किंमत कमी करून मागण्याच्या फंदात न पडता तिथून निघावे. टायरची किंमत काढता येते. या गोष्टींची येत नाही.

सुरुवात 82 पासून करा आणि कारणे एकेक करून, मेकॅनिकचा लेखी अंदाज समोर ठेवून सांगा. गाडीला नावे ठेवू नका. ज्यांनी ती सात वर्षे सांभाळली त्यांना ते लागते आणि मग ते आकड्यावर अडून बसतात. आकडा सांगितल्यावर थांबा, त्यांना विचार करू द्या. आपली साठवण किती आहे हे मात्र बोलण्याच्या ओघातही सांगू नका.

तपासणी होण्याआधी टोकन देऊ नये. तपासणीनंतर द्यायचे झाल्यास ते लहान असावे आणि कागदांत दोष निघाल्यास परत मिळेल असे पावतीवर लिहून घ्यावे. उरलेली रक्कम बँकेमार्फत, हस्तांतरणाच्या कागदांवर सह्या होतील त्याच वेळी द्यावी. रविवारचे गिऱ्हाईक खरेही असू शकेल, पण त्यामुळे बेल्टचा खर्च कमी होत नाही. मालक 88 च्या वरच अडून राहिले, तर आपला आकडा आणि फोन नंबर त्यांच्याकडे ठेवून या, आणि तोवर 92 ची मागणी असलेल्या गाडीची सर्व्हिस वही पाहायला मागा.