वाचकांचे प्रश्न : आयात कोळशाचा करार, जहाज आणि प्रशिक्षण

आयात कोळशाच्या व्यवहाराविषयी आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. हिशेबांत घेतलेले भाव आणि दर समजावून सांगण्यापुरते आहेत. ते आजचे बाजारभाव नव्हेत.

प्रश्न : मी वाणिज्य पदवीधर असून चंद्रपूरला कोळसा वाहतूकदाराच्या कार्यालयात काम करतो. वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या) खाणींतून ट्रकने आणि रेल्वेने माल कसा हलतो हे मला ठाऊक आहे. आंतरराष्ट्रीय कोळसा व्यापार, करार आणि वाहतूक या विषयावरील परदेशातील पाच दिवसांच्या वर्गाचे माहितीपत्रक हाती आले आहे. शुल्क माझ्या तीन महिन्यांच्या पगाराहून अधिक आहे. जावे का?

उत्तर : आधी त्या वर्गाचे तासावार वेळापत्रक मागवून घ्या. अशा वर्गांचा पहिला दीड दिवस बहुधा जगातील साठे, देशोदेशींची मागणी आणि ऊर्जेचे भवितव्य यांवर जातो, आणि ही सर्व माहिती घरबसल्या फुकट मिळते. पैसे मोजावेत ते कागद वाचायला शिकवणाऱ्यासाठी. आयोजकांना तीन गोष्टी स्पष्ट विचारा. स्कोटा या नावाने ओळखला जाणारा, ग्लोबलकोल या संस्थेचा प्रमाणित विक्री करार किंवा तत्सम करार कलमवार वाचून घेणार का? प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्रावरून अंतिम बीजक प्रशिक्षणार्थींकडून तयार करून घेणार का? आणि बंदरातील घटनांच्या नोंदपत्रकावरून डेमरेजचा, म्हणजे जहाज ठरलेल्या वेळेहून जास्त थांबल्याबद्दल द्याव्या लागणाऱ्या पैशांचा, हिशेब मांडायला लावणार का? तिन्हींची उत्तरे होकारार्थी नसतील, तर मी आपल्या जागी असतो तर गेलो नसतो.

आपला देशांतर्गत अनुभव वाया जाणार नाही, पण एक सवय मात्र मोडावी लागेल. कोल इंडियाच्या कोळशाची उष्मांकानुसार, म्हणजे किलोमागे मिळणाऱ्या किलोकॅलरींनुसार, जी-१ ते जी-१७ अशी प्रतवारी जानेवारी २०१२ पासून लागू झाली आणि तिचे बहुतेक टप्पे ३०० किलोकॅलरींचे आहेत. त्यामुळे ४०१० आणि ४२९० उष्मांकाचा कोळसा एकाच प्रतीत, म्हणजे जी-११ मध्ये बसतो आणि सगळा वाद प्रत घसरली की नाही यावर होतो. आयात करारात भाव उष्मांकाच्या प्रमाणात वर-खाली होतो, आणि ठरलेल्या नाकारमर्यादेच्या खाली माल गेला तर खरेदीदाराला तो घेण्याचेच बंधन राहत नाही. म्हणून नमुना कोणी, कुठे आणि कोणत्या पद्धतीने घेतला हा प्रश्न तेथे अधिक महागडा ठरतो.

परदेशी जाण्याआधी दुसरी वाटही पाहावी. इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड शिपब्रोकर्स ही १९११ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेली संस्था जहाजभाडे, सागरी कायदा आणि नौवहन व्यवसाय या विषयांच्या परीक्षा घेते. नोकरी सांभाळून त्या देता येतात. कोपनहेगनची बिम्को ही जहाजमालकांची संघटना लेटाइम (माल चढवण्या-उतरवण्यासाठी मिळणारा वेळ) आणि भाडेकरारांवर लहान वर्ग चालवते, आणि मुंबईत नरोत्तम मोरारजी इन्स्टिट्यूट ऑफ शिपिंग आहे. या अभ्यासात कोळसा म्हणून वेगळे फारसे शिकवले जात नाही, परंतु कोळशाच्या व्यवहारात नवख्याचे पैसे बुडतात ते बहुतेक वेळा जहाजाच्या बाजूने. कोळशाची बाजू आपल्याला निम्मी येतेच आहे.

प्रश्न : सातारा जिल्ह्यातील आमच्या कारखान्याच्या बॉयलरसाठी व्यापाऱ्याकडून ‘५५०० चा इंडोनेशियन कोळसा’ घेतला. आमच्या प्रयोगशाळेने उष्मांक ४२०० च्या आसपास दाखवला. व्यापारी म्हणतो माल बरोबर आहे. ही फसवणूक नाही का?

उत्तर : आपण दिलेल्या प्रमाणपत्राच्या प्रतीवरून ही फसवणूक दिसत नाही, पायाभूत अवस्था न लिहिता केलेली खरेदी दिसते. एकाच कोळशाचा उष्मांक तो कोणत्या अवस्थेत मोजला यानुसार बदलतो. हवेत वाळवलेल्या नमुन्यावरचा आकडा एडीबी म्हणून दिला जातो. प्रत्यक्ष हाती आलेल्या ओल्या मालावरचा आकडा एआरबी किंवा जीएआर म्हणून. आणि जळताना ओलाव्याची व हायड्रोजनपासून तयार होणाऱ्या पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडणारी उष्णता वजा केली की एनएआर मिळतो.

आपल्या प्रमाणपत्रावर एडीबी ५५००, एकूण आर्द्रता ३५ टक्के आणि वाळवलेल्या नमुन्यातील उरलेली आर्द्रता १५ टक्के आहे. ५५०० ला १०० वजा ३५, म्हणजे ६५ ने गुणावे आणि १०० वजा १५, म्हणजे ८५ ने भागावे. उत्तर ४२०६ येते. हाच तो बाजारात ‘४२०० जीएआर’ म्हणून ओळखला जाणारा, इंडोनेशियातील कालिमंतानमधून मोठ्या प्रमाणावर भारतात येणारा कोळसा, आणि एनएआरमध्ये तोच साधारण ३८०० धरला जातो. बॉयलरला मिळते ती उष्णता या शेवटच्या आकड्याच्या जवळची. तेव्हा तीन वेगळ्या आकड्यांनी एकच माल विकता येतो, आणि विकणारा त्यांतला सर्वांत मोठा आकडा पुढे करतो, यात नवल नाही. तुलना करताना मात्र लक्षात ठेवावे की युरोपात पोहोचलेल्या मालाचा एपीआय २ आणि दक्षिण आफ्रिकेच्या रिचर्ड्स बे येथील एपीआय ४ हे भाव-निर्देशांक ६००० एनएआरच्या कोळशाचे आहेत; त्यांच्याशेजारी एडीबीचा आकडा ठेवून ‘स्वस्त मिळाला’ असे म्हणणे व्यर्थ आहे.

यापुढे करारात कोणत्या गोष्टी लिहून घ्याव्यात? उष्मांक जीएआर किंवा एनएआर अवस्थेतच लिहावा. एकूण आर्द्रता, राख, गंधक आणि आकारमान यांना स्वतंत्र मर्यादा हव्यात, कारण उष्मांक बरोबर असूनही राख जास्त असेल तर ती वाहून टाकण्याचा खर्च आपला असतो. भाव-समायोजनाचे सूत्र साधे असते: टनाला ५२ डॉलर भाव ४२०० जीएआरसाठी ठरला आणि माल ४०५० चा निघाला, तर ५२ ला ४०५० ने गुणून ४२०० ने भागावे, म्हणजे ५० डॉलर १४ सेंट द्यावे लागतात. नमुना घेण्याचे आणि तपासणीचे मानकही नावाने लिहावे. आयएसओ पद्धतीत यांत्रिक नमुन्यासाठी १३९०९, हाताने घेतलेल्या नमुन्यासाठी १८२८३ आणि उष्मांकासाठी १९२८ ही मानके आहेत. अमेरिकी एएसटीएम पद्धतीत उष्मांकासाठी डी५८६५ आहे. दोन पद्धतींची सरमिसळ झाली की पुढे वाद मिटत नाही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे भरणी बंदरावरचे प्रमाणपत्र अंतिम की उतरणी बंदरावरचे, हे एका वाक्यात लिहिलेले असावे. आपल्या करारात भरणी बंदरावरचे अंतिम आहे, त्यामुळे आपल्या प्रयोगशाळेचा अहवाल कितीही काळजीपूर्वक केलेला असला तरी पैसे परत मिळवण्यासाठी तो उपयोगी पडणार नाही. वादाच्या वेळी उघडता यावा म्हणून मोहोरबंद राखीव नमुना पंच प्रयोगशाळेसाठी ठेवण्याची तरतूद मागून घ्यावी. ती मागितली तर बहुतेक विक्रेते देतात.

प्रश्न : मी रत्नागिरीचा असून मुंबईतील एका आयातदाराकडे शिपिंगचे काम पाहतो. जुलैमध्ये पश्चिम किनाऱ्यावर आलेल्या ५५,००० टनांच्या जहाजावर विक्रेत्याने ५०,००० डॉलर डेमरेज मागितले आहे. आठ दिवसांपैकी तीन दिवस पाऊस होता. पावसाचे दिवस वगळावेत, असे करारात स्पष्ट असताना आमच्या हिशेबाने फक्त २०,००० डॉलर निघतात. कोणाचे बरोबर?

उत्तर : पाठवलेल्या कागदांवरून विक्रेत्याचे. कराराप्रमाणे उतरणीचा दर रोज १५,००० टन, हवामान अनुकूल असलेले दिवस, रविवार आणि सुट्ट्या धरून. डेमरेज दिवसाला १५,००० डॉलर. ५५,००० टनांना त्या दराने तीन दिवस १६ तास मिळतात. यालाच लेटाइम म्हणतात. घटनांच्या नोंदपत्रकानुसार पहिला पावसाचा दिवस लेटाइम चालू असताना आला, म्हणून तो वगळला गेला आणि लेटाइम चार दिवस १६ तासांनी संपला. उरलेले तीन दिवस आठ तास डेमरेजचे. त्यात दोन दिवस पाऊस पडला हे खरे, परंतु लेटाइम एकदा संपला की त्यातील सवलती संपतात, हे इंग्लिश सागरी कायद्यातील जुने तत्त्व आहे आणि आपला करार त्याच कायद्याखाली आहे. करारात स्पष्ट शब्दांत वेगळे लिहिले असेल तरच पावसाचा दिवस डेमरेजमधूनही वगळता येतो. तसे लिहिलेले नाही. म्हणून ५०,००० डॉलर, टनामागे जवळपास ९१ सेंट. कोळशाच्या व्यवहारातील सगळा नफा कधीकधी एवढाच असतो.

आता यापुढच्या मालासाठी. आपली खरेदी सीएफआर आहे, म्हणजे जहाज विक्रेत्याने भाड्याने घेतले आणि आपण त्याचा भाडेकरार पाहिलेला नाही. तरीही ‘डेमरेज भाडेकराराप्रमाणे’ असे एक वाक्य आपल्या करारात आहे. ते काढावे आणि दर आकड्यात लिहून घ्यावा. नोटिस ऑफ रेडिनेस, म्हणजे जहाज तयार असल्याची सूचना, धक्का मिळो वा न मिळो अँकरेजवरूनच, म्हणजे बंदराबाहेर नांगर टाकून थांबण्याच्या जागेवरूनच, देता येईल का, आणि दिल्यानंतर घड्याळ सहा तासांनी सुरू होईल, बारा की चोवीस, हेही विक्री करार आणि भाडेकरार या दोन्हींत सारखे हवे. पावसाळ्यात जयगडसारख्या खोल बंदरात थेट धक्क्याला लागणारे जहाज आणि अंबा नदीतील धरमतरला डोलवीच्या पोलाद कारखान्यासाठी बार्जने जाणारा माल यांचा वेळ सारखा असूच शकत नाही. त्यामुळे उतरणीचा दर बंदर पाहून ठरवावा, मागच्या कराराची प्रत काढून नव्हे. आपण वेळेआधी माल उतरवला तर मिळणारे डिस्पॅच बहुधा डेमरेजच्या निम्म्या दराने असते, तेही करारात लिहिलेले असेल तरच.

दावा करण्याची मुदत हा आणखी एक सापळा आहे. जहाजमालकाने डेमरेजचा दावा किती दिवसांत, कोणत्या कागदांसह द्यायचा हे भाडेकरारात असते, आणि विक्रेत्याने आपल्याकडे तो किती दिवसांत करायचा हे विक्री करारात. आपण उद्या जहाज स्वतः भाड्याने घेऊन तोच माल पुढे विकू लागलात, तर या दोन मुदतींमध्ये राहिलेली फट आपल्या खिशातून भरली जाते.

प्रश्न : इंडोनेशियाने जानेवारी २०२२ मध्ये निर्यात थांबवली तेव्हा आमच्या परिचिताचे जहाज तेथेच अडकले होते. अशा वेळी फोर्स मजूर, म्हणजे आवाक्याबाहेरच्या घटनेमुळे करारातून सूट देणाऱ्या, कलमाने खरेदीदार सुटतो ना?

उत्तर : कोणत्या करारातून सुटतो, हे आधी विचारावे. त्या वेळी देशांतर्गत वीजकेंद्रांना पुरेसा कोळसा मिळत नसल्याने इंडोनेशिया सरकारने निर्यात रोखली होती, आणि ती त्याच महिन्यात टप्प्याटप्प्याने खुली केली. एफओबी, म्हणजे जहाज स्वतः ठरवून भरणी बंदरावर माल घेणाऱ्या, खरेदीदाराच्या दृष्टीने विक्रेता विक्री करारातील कलम दाखवून मोकळा झाला. परंतु जहाज खरेदीदाराने भाड्याने घेतलेले होते, आणि भाडेकरारात तसेच कलम नसेल तर थांबलेल्या जहाजाचे पैसे त्यालाच द्यावे लागतात. दोन्ही करारांतील फोर्स मजूर कलमे शब्दशः शेजारी ठेवून वाचणे ही म्हणूनच प्रशिक्षणातील आवश्यक कसरत आहे.

भाव वाढणे हे मात्र फोर्स मजूर नव्हे. इंडोनेशियाने निर्यातीचा भाव सरकारी संदर्भ-भावाशी बांधल्यावर मुंद्रा येथील टाटा आणि अदानी यांच्या वीजप्रकल्पांचा इंधनखर्च वाढला आणि त्यांनी वाढीव दर मागितला. ११ एप्रिल २०१७ रोजी एनर्जी वॉचडॉग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की करार पाळणे केवळ महाग झाल्याने भारतीय करार कायद्याच्या, अशक्य झालेल्या करारांविषयीच्या कलम ५६ चा आधार मिळत नाही, आणि परदेशातील कायद्यातला बदल हा त्या वीजकरारांतील ‘कायद्यातील बदल’ नव्हे. मुंद्र्याच्या टाटा प्रकल्पाच्या विजेचा एक वाटा महाराष्ट्रालाही मिळत असल्याने या निकालाची झळ कोणाला लागली आणि कोण वाचले, हे आपल्याकडेही मोजले गेले. आयात कोळशावर दीर्घ मुदतीचा पुरवठा घेणाऱ्याने हा निकाल मुळातून वाचावा. त्यातील वस्तुस्थितीचा भागसुद्धा कोळशाच्या अर्थकारणाचा चांगला धडा आहे.

प्रश्न : बँकेने पतपत्राखाली (लेटर ऑफ क्रेडिट) पैसे दिले आणि माल निकृष्ट निघाला. बँकेला जबाबदार धरता येईल का?

उत्तर : नाही. १ जुलै २००७ पासून लागू असलेल्या यूसीपी ६०० या पतपत्रांविषयीच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार बँक कागदपत्रे पाहते, माल पाहत नाही. निकृष्ट माल अडवायचा असेल तर आपल्या पसंतीच्या स्वतंत्र निरीक्षकाचे, ठरलेल्या मर्यादा नमूद करणारे प्रमाणपत्र हे पतपत्रातच आवश्यक कागद म्हणून मागावे.

प्रश्न : जहाजावर कोळसा पेटतो असे ऐकले. खरेदी विभागातील माणसाने ते शिकण्याची गरज आहे का?

उत्तर : आहे. कमी उष्मांकाचा, जास्त ओलाव्याचा कोळसा ढिगातच तापू लागतो आणि काही कोळशातून मिथेन सुटतो. सुट्या घन मालाच्या सागरी वाहतुकीची आंतरराष्ट्रीय आयएमएसबीसी संहिता १ जानेवारी २०११ पासून बंधनकारक आहे आणि मालाचे गुणधर्म भरणीपूर्वी कप्तानाला लेखी कळवणे ही माल पाठवणाऱ्याची जबाबदारी आहे. माल ५५ अंश सेल्सिअसच्या वर गेला तर कप्तान भरणी थांबवू शकतो, आणि थांबलेल्या वेळेचे डेमरेज कोणाच्या नावे पडेल, हे पुन्हा आपल्याच करारात शोधावे लागते.

प्रश्न : कोळशाचे दिवस भरत आले असताना या क्षेत्रात शिरावे का?

उत्तर : २०२४-२५ मध्ये भारताने सुमारे २४.४ कोटी टन कोळसा आयात केला. आदल्या वर्षी तो सुमारे २६.५ कोटी टन होता. औष्णिक वीजकेंद्रांची गरज कमी होत जाईल, पोलादासाठी लागणाऱ्या कोकिंग कोळशाची तितक्या वेगाने होणार नाही. लेटाइम, नमुना आणि पतपत्र हे बॉक्साइट, चुनखडी आणि खतांच्या जहाजांनाही लागतात.