इरकलीचा तुकडा परीक्षेला नेला तर चालेल काय?

प्रश्न: ताई नमस्कार. मी बेळगावातल्या शहापूरचा, वय 16, मराठी मिडियम, यंदा एसएसएलसी, म्हणजे दहावी. मला ऑटिझम आहे, लहान असतानाच डॉक्टरांनी सांगितलंय, यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, पण आहे. माझ्याकडं आज्जीच्या जुन्या इरकल साडीच्या काठाचा वीतभर तुकडा आहे, तो खिशात ठेवतो आणि बोटांत धरून घासत बसतो, पुढची गुळगुळीत बाजू नाही, मागची, जिथं धागे लागतात ती. तसं केलं की वर्गातला गोंधळ जरा लांब जातो. जास्तच टेन्शन आलं की शर्टाची कॉलर चावतो, मग ती ओली कॉलर मानेला लागते ते पण सहन होत नाही. आमच्या गल्लीतल्या पॉवरलूमचा आवाज मला चालतो, झोप पण लागते, पण कुकरची शिट्टी झाली की कान दाबून पळतो म्हणून घरात म्हणतात नाटक करालाय. पप्पा म्हणतात मिशा फुटल्या तरी चिंधी सुटेना. मध्यंतरी मी तुकडा कपाटात ठेवून शाळेला जायला लागलो तर घरी आल्यावर रोज रडायला यायचं. आता परीक्षेचं सेंटर दुसऱ्या शाळेत येणार, तिथल्या सरांना तो तुकडा कॉपीची चिठ्ठी वाटला तर? ह्या सवयी सोडू काय?

उत्तर: तुकडा सोडू नकोस. कॉलरीचं मात्र काहीतरी करूया.

आधी ते नाटकाचं बघू, कारण ते ऐकून तुला किती लागलं असेल ते कळतंय मला. ऑटिझममध्ये काही आवाज, स्पर्श, वास फार जोरात येतात आणि काही पुरेसे येतच नाहीत, एकाच माणसात दोन्ही असू शकतं. 2013 साली आलेल्या डीएसएम-5 मध्ये, म्हणजे डॉक्टर निदानासाठी वापरतात त्या पुस्तकात, हे ऑटिझमच्या लक्षणांतच घातलंय. पॉवरलूम एका लयीत चालतो, पुढचा ठोका कधी पडणार ते तुझ्या डोक्याला आधीच ठाऊक असतं. शिट्टी कधी होणार ते ठाऊक नसतं आणि ती एकदम कानात घुसते. त्यामुळं मोठा आवाज चालतो आणि छोटा चालत नाही यात खोटं काहीच नाही. आईला सांग, कुकर चढवला की हाक मारायची, तू मागच्या खोलीत जाशील नाहीतर कानाला काहीतरी लावशील. गणपती विसर्जनाच्या डॉल्बीला पण हेच, आधीच ठरवून लांबच्या पाहुण्यांकडं जायचं, रस्त्यात अडकल्यावर ठरवायचं नाही.

आता सवयी. प्रत्येक सवयीला दोनच गोष्टी विचारायच्या, हिनं मला इजा होते काय आणि दुसऱ्याला त्रास होतो काय. तुकड्याला दोन्हीचं उत्तर नाही असं आहे, मग तो वयाच्या कितव्या वर्षी सोडायचा हा प्रश्नच येत नाही. फक्त तो एकच आहे याची मला काळजी वाटते. हरवला तर ऐन परीक्षेत हाल होतील. त्याचे आत्ताच दोन भाग कर, एक घरी ठेव, आणि दुसरा आईकडनं पँटच्या खिशाच्या आत शिवून घे, खरखरीत बाजू वर ठेवून. मग खिशात हात घातला की झालं, बाहेर काढायला नको, कुणाला दिसत नाही, पडत पण नाही. दोन्ही भाग एकदम धुवू नका, धुतल्यावर स्पर्श बदलतो.

कॉलर चावताना जबड्याला जोर लागतो, त्यानं शांत वाटतं, म्हणून नुसतं चावू नको म्हणून भागत नाही, तोंडाला दुसरं काम द्यायला पाहिजे. मधल्या सुट्टीत गाजर, खारे शेंगदाणे, कडक भाकरीचा पापुद्रा असलं चावायला लागणारं खा. वर्गात स्ट्रॉची बाटली ठेव, ओढून पाणी पिण्यानं पण बऱ्याच जणांना बरं वाटतं. चावण्यासाठीच केलेली सिलिकॉनची पेंडंट ऑनलाइन मिळतात, मोठ्या मुलांसाठी साधी काळी पण असतात. तोवर मनगटाला सुती रुमाल बांध, चावायचं तर तो, म्हणजे कॉलर कोरडी राहील. दात दुखायला लागले किंवा रक्त आलं तर दाखवायलाच पाहिजे.

परीक्षेचं हेडमास्तरांकडं लेखी द्यायचं, तोंडी सांगून चालणार नाही कारण सेंटरवर वेगळे सर असतात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम नाव घेऊन आहे, आणि परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट अशा सोयी त्यात लिहिल्यात. तुला यातलं काय पाहिजे ते घरच्यांशी बोलून ठरव, अर्जाला यूडीआयडीची झेरॉक्स लाव, आणि त्याच अर्जात खिशात शिवलेलं कोरं कापड आणि फोमचे इअरप्लग वापरायची परवानगी माग. परवानगीच्या पत्राची प्रत हॉल तिकिटासोबत ठेव, आत शिरताना खिसा आपणहून उलटा करून दाखव. प्रिपरेटरीला, म्हणजे बोर्डाच्या आधीच्या सराव परीक्षेला, हेच सगळं करून बघ, काय कमी पडतंय ते तिथं कळेल. सेंटर कळलं की पप्पांबरोबर एकदा जाऊन ये, वर्ग, संडास, पाण्याची टाकी सगळं बघून ये.

आणि पप्पांना थोडं. तुम्हाला लोक हसतील ही भीती आहे आणि ती खोटी नाही, लोक हसतातच. पण तुकडा नसताना तो दिवसभर शाळेत दम धरून बसला आणि घरी येऊन रोज रडला, हे त्यानंच लिहिलंय. 2019 साली ऑटिझम नावाच्या जर्नलमध्ये 32 ऑटिस्टिक प्रौढांशी बोलून केलेला एक अभ्यास आला, त्यात लोकांनी हेच सांगितलं की अशा हालचालींनी त्यांना स्वतःला सावरता येतं आणि त्या बळजबरीनं बंद करणाऱ्या उपचारांना त्यांचा विरोध होता. शाळेतून आल्यावर अर्धा तास त्याला काही विचारू नका, मार्क पण नाही. आणि चिंधी म्हणू नका हो, त्याच्या आज्जीची इरकल आहे ती.

प्रश्न: माझी मुलगी 13 ची, ऑटिझम आहे, आम्ही खानापूर तालुक्यातले. पाळी सुरू झाली आणि ती पॅड लावून घेईना, काढून फेकते. मारून बघितलं, उपयोग नाही.

उत्तर: वहिनी, मारू नका, तिला तो स्पर्श खरंच टोचत असतो आणि मारलं की पाळी म्हणजे भीती हेच डोक्यात बसतं. पाळी नसताना पॅड हातात द्या, कुस्करू दे, वास घेऊ दे. विकतच्या पॅडला वास असतो, वरची जाळी प्लॅस्टिकची असते, चिकटपट्टी सरकते, यातलं नेमकं काय नको ते तिच्या हातावरनं कळेल. मऊ सुती कापडाची, बटणाची पॅड बऱ्याच मुलींना चालतात, पाळीसाठीच्या वेगळ्या चड्ड्या पण मिळतात, त्यात लावायचं काहीच नसतं. जे चालेल ते आधी घरी दहा मिनिटं, मग अर्धा तास, असं पाळी यायच्या आधी सवयीचं करा, दर महिन्याला ब्रँड बदलू नका. कॅलेंडरवर तिच्याकडनंच खूण करून घ्या. पोटात दुखतं हे ती सांगू शकत नसेल तर त्या दिवसांत जास्त चिडते काय, जेवण सोडते काय ते बघा, आणि डॉक्टरांना तसंच सांगा. बेळगावला जिल्हा रुग्णालयात 18 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी डीईआयसी म्हणून विभाग असतो, मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारा, तिथं ऑक्युपेशनल थेरपीचं, म्हणजे रोजची कामं जमायला मदत करणाऱ्या उपचाराचं विचारा, जाताना तिला चालतं ते आणि चालत नाही ते, दोन्ही पॅड बरोबर न्या.