प्रश्न: अथणीतल्या (बेळगाव जिल्हा) हॉस्टेलची बिल्डिंग पुढच्या उन्हाळ्यांच्या उष्णतेत राहण्याजोगी राहील का, हे कॉम्प्युटर सिम्युलेशनमध्ये तपासायला वेदर डेटा कुठला घ्यायचा?

नुसती 'टिपिकल इयर'ची फाईल लावू नका, वेगवेगळ्या वर्षांतले सरासरीजवळचे महिने जोडून ती केलेली असते, त्यात खरी उष्णतेची लाट गायबच होते बघा. आणि बेळगावची फाईल अथणीला चालत नाही, बेळगाव साधारण ७५० मीटरवर, अथणी खाली नि कितीतरी तापतं.

ईआरए५ (जुन्या हवामानाचा जगभरचा, मॉडेल नि नोंदी जुळवून केलेला डेटा) मधून अथणीचा तासागणिक डेटा घ्या (१९४० पासूनचा फुकट मिळतो), त्यातलं खरंच कडक गेलेलं एक वर्ष सलग उचला, जवळच्या स्टेशनच्या आकड्यांशी ताडून बघा आणि मग क्लायमेट मॉडेलमधली (पुढच्या हवामानाचा अंदाज देणारं गणित) महिन्यागणिक तापमानवाढ त्यावर चढवा. इथं बरेच जण चुकतात, तापमान वाढवतात पण सापेक्ष आर्द्रता तशीच ठेवतात, मग हवेत नसलेली वाफ आपोआप वाढते, त्यामुळं ड्यू पॉइंट (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव व्हायला लागतं ते) बघून आर्द्रता परत काढाच.

आणि रात्रीचं किमान तापमान वेगळं वाढवा हं. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री निवला नाही तर वरच्या मजल्यावरची पोरं झोपणार कशी? म्हणून एकच दिवस नको, लाटेआधीचा आठवडाही सिम्युलेशनच्या रनमध्ये घ्या, आणि एकदा करंट गेलाय, फॅन बंद, असं धरूनही चालवा.